गालाला बांधलेल्या पट्ट्या

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. मी लिहायला शिकले तीच मुळी नातवंडं झाल्यावर, म्हणून हे इतक्या उशिरा. एक गोष्ट तुमच्याशी बोलायची राहून गेली आहे.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. तंबाखूनं तुमच्या गालात कॅन्सर झाला होता आणि हैदराबादच्या दवाखान्यात रेडियमच्या सुया घालून तो जाळला. जबडा आखडू नये म्हणून डॉक्टरांनी निघताना पातळ लाकडी पट्ट्यांची जुडी दिली. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि बघते तर काय, त्या पट्ट्या तुम्ही दोन्ही गालांना बाहेरून लावून फडक्यानं करकचून बांधलेल्या! मेंढराचा मोडका पाय तुमच्यासारखा कुणी बांधत नव्हतं. पार डोंगरकडा गावाहून माणसं कोकरं खांद्यावर टाकून तुमच्याकडे यायची. त्यामुळे पट्ट्या दिसल्या की बांधायच्या, हे तुमच्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरांनी काय करून दाखवलं याकडे तुमचं लक्षच नव्हतं, सगळं चित्त गाडीच्या वेळेत. महिना उलटला होता. दातांत माझी करंगळी जाईना. आई फटीतून पातळ पेज ओतायची, तीही निम्मी गळ्यावर सांडायची. मला आधी राग आला आणि मग भीती वाटली, की हे उपाशीच मरणार.

हिंगोलीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं कपाळाला हात लावला. "ये दातां में रखने के हैं, चाचा." पट्ट्या एकीवर एक ठेवून दातांत सरकवायच्या, जबडा ताणून धरायचा, रोज तीनदा, आणि चार-आठ दिवसांनी एकेक वाढवायची. वीस बसल्या तर भाकर खाता येईल, म्हणाला.

घरी येऊन तुम्ही हटून बसलात. मिटल्या दातांतूनच बोललात, "मोडला पाय कोनी ताणतंय का? जखम उकलंल न्हाई का."

"आन् पाय जुळल्यावर, आबा? कोकरू वरडतंय म्हणून बसवून ठेवताव का?"

"न्हाई. हाकलतो."

"मंग मी बी हाकलते. वीस झाल्याबिगर सासरी जात न्हाई."

सहा पट्ट्यांपासून सुरुवात झाली. लेकरू झाल्यावरही मी ते मांडीवर घेऊन दारातल्या उजेडात तुमच्यासमोर बसते आहे. तुमच्या डोळ्यांतून पाणी येतं, तुम्ही माझं मनगट घट्ट धरता, पण ढकलत नाही. मला तुमची फार माया येते आणि तरी मी पुढची पट्टी सरकवते. सतरापर्यंत गाडं नीट गेलं, तिथं अडलं. महिनाभर अठरावी काही जाईना. तुम्ही जुडी पाहिली की तोंड फिरवायला लागलात. "बास आता. पेजंवर जगंल मी."

आणि एका सकाळी अठरावी गेली. आठवड्यात एकोणीस, मग वीस. तुम्ही बोटांवर मोजून शेजाऱ्यांना दाखवलंत. त्या हुरूपात मी गेल्यावरही आईच्या हातून रोज पट्ट्या लावून घेतल्यात, आणि दोन महिन्यांनी दादा सांगत आला की आबांनी दुधात कुस्करून का होईना, अख्खी भाकर खाल्ली. पुढे दोन वर्षं तुम्ही भाकर खाल्लीत. जो भेटेल त्याला सांगायचात, "माह्या पोरीनं तोंड उघडलं माहं."

आबा, त्या वीस नव्हत्याच. तुम्ही मेंढरांकडे गेल्यावर मी विळीवर पट्ट्या तासून पातळ केल्या होत्या. तुमचा धीर सुटू नये म्हणून केलं, असं मी दादाला एकदा सांगितलं. तो रडला. त्याला जे सांगितलं ते खोटं होतं. पट्ट्या तासल्या त्याच्या आदल्या दिवशी मला न्यायला सासरहून निरोप आला होता. मी थकले होते, आणि मला माझ्या घरी जायचं होतं.