नाव घातलेली वाटी

नायजर, ६ जुलै २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

टाकीवर चढल्याशिवाय इथं फोन लागत नाही, म्हणून पत्र. माझ्यासोबत काम करणारी नफिसा आमच्या संस्थेच्या दोह्याच्या ऑफिसात मीटिंगला निघालीय, तिच्याकडे देते. कौशिकदादाला सांग, त्याच्या हमद पोर्टवरून निघालेले शेंगदाण्याच्या पेस्टचे खोके पोचले.

मन मात्र थाऱ्यावर नाही. सुरय्या दोन वर्षांची. कुपोषण मोजायला दंडाला लावायची पट्टी अजून लालच दाखवते. महिनाभर रोज त्या पेस्टची दोन पाकिटं देऊनही वजन वाढलं नाही. परवा मी सगळ्या बायकांसमोर तिच्या आईला, हजराला, पाकिटं बाजारात विकतेस का म्हणून विचारलं. ती उठून गेली, ती आलीच नाही. पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही तर लेकराला साठ किलोमीटरवरच्या दवाखान्यात ठेवावं लागेल. ऐन खुरपणीत हजरा तिकडे गेली तर तिची वर्षाची बाजरी गेली. काय करू गं?

रागावलीस तरी तुझीच,
रुचा

अल हिलाल, दोहा, १३ जुलै २०२४

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, डिग्री घेतलीस, अक्कल कुठं ठेवलीस? तीस वर्षं मी हिंगोलीकडं अंगणवाडी चालवली. घरी नेलेलं पाकीट कधी एकाच लेकराच्या पोटात गेलंय? बाकीची तोंडाकडं बघत असताना एकट्याला भरवणारी आई मी तरी पाहिली नाही. मीसुद्धा एका बाईला अशीच चोर ठरवली होती. तिची पोरगी पुन्हा अंगणवाडीत दिसली नाही. अजून आठवलं की घास उतरत नाही मला.

तर यल्ला, ऊठ. हजराच्या शेतात जा, खुरपं धर आणि माफी माग. नातवाला, वरुणला सांगितलं की रुचाआत्याचं चुकलं, तर साहेब इंग्रजीत म्हणाले, सॉरी म्हणायचं, सिंपल!

नफिसासोबत तुझी लहानपणची वाटी पाठवतेय, तुझं नाव घातलेली. सगळी एका परातीत जेवायची, तुझा हात हळू. भावंडं उरकायची आणि तू नुसती बोटं चाटत बसायचीस, म्हणून ती घेतली होती. सुरय्याचंही तसंच असेल, बघ जरा.

स्वतः वेळेवर जेवत जा, एवढं माझं ऐक.
तुझी मावशी

नायजर, १८ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस, सा. न.

खुरपायला गेले आणि गवत समजून बाजरीच उपटली! हजरा आधी ओरडली, मग पोट धरून हसली. तिथंच बांधावर माफी मागितली. पाकिटं चार लेकरांत वाटली जात होती, आणि परात एकच, हेही खरं निघालं.

पण वाटी दिली तर नवाच घोटाळा. एकट्यानं खाणं इथं फार वाईट समजतात, सुरय्या वाटीला शिवेना. शेवटी हजरानंच तोड काढली. आता आळीतली सगळी धाकटी आपापलं भांडं घेऊन तिच्या अंगणात बसतात. कणग्या तळाला गेल्यात, तरी प्रत्येक बाई मूठभर बाजरी, चवळी आणते, शेंगदाणे आम्ही देतो. थोरल्यांनाही लापशी मिळते, त्यामुळे पाकिटावर कुणाचा डोळा नसतो. पट्टी पिवळी झाली, मावशी! दवाखाना टळला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
रुचा

अल हिलाल, दोहा, २० ऑक्टोबर २०२४

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

बाजरी न ओळखणारी माझी भाची! हिंगोलीत सांगू नकोस कुणाला.

नफिसा येऊन गेली. तुझी चिठ्ठी वाचली. पट्टी हिरवी झाली, सुरय्या आता भावंडांच्या बरोबरीनं परातीत हात मारते, म्हणून हजरानं वाटी ज्याची त्याला परत केली. वाटीवरचं फडकं सोडलं तर काठोकाठ नवी बाजरी. भांडं रिकामं परत करू नये, हे तिला कुणी शिकवलं गं? मी रडत बसले, कौशिक घाबरलाच. त्या बाजरीची भाकरी केली. जेमतेम एक झाली. वरुणनंही तुकडा मागून खाल्ला.

आता मी तरी वाटी रिकामी कशी ठेवू? शेंगदाण्याचे लाडू भरून ती परत पाठवतेय. कौशिकनं इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमधून तुझ्या नावाखाली सुरय्याचं नाव घालून आणलंय. आळीत अजून कुणाची पट्टी लाल असेल तर त्या लेकराचं नाव कळव. वाटीवर जागा आहे.

हजराला माझा नमस्कार सांग. तिची माया तुझ्यावर राहू दे.
तुझी मावशी