हळद निघाली की बघू

प्रिय निकिता,

मी जनावरांची सरकी भिजत घातली होती, चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलं होतं आणि तुझे बाबा गोठा झाडून आले होते. रोजचीच सकाळ. हात धुता धुता म्हणाले, "छातीत जळजळून राह्यलं." मी म्हटलं, महागावला जाऊन डॉक्टरला दाखवून या. तर म्हणाले, "वेचणी झाली की." माझं तोंड उतरलेलं पाहून वर आणखी म्हणाले, "तुले सहस्रकुंडबी दाखवतो, वेचणी झाली की." लग्नापासून दाखवतच होते. धबधब्याला पाणी असतं तेव्हा आपल्या शेतात निंदण-खुरपण असतं आणि शेतातून सुटका होते तेव्हा धबधबा आटलेला असतो. त्या वर्षीची कापसाची शेवटची वेचणी मी एकटीने उरकली. त्याला सहा वर्षं झाली, तरी मला त्यांचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. होते तेव्हा त्यांनी ऐकलं असतं तर रागवावं लागलं नसतं.

राग तुझाही आला. पुण्यात बसून नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावलास, बादलची गाडी ठरवलीस आणि मला नुसतं कळवलंस. इथे हळद काढून शिजवायची होती, कढई भाड्याने आणून ठेवली होती. ते विचारलंसुद्धा नाहीस. बादलची आई, तांड्यावरची जमनी, तुला माहीत आहेच. गाडी नांदेडला चालली एवढं तिच्या कानावर गेलं आणि भाकरी-ठेचा बांधून ती माझ्याआधी गाडीत. आपल्याकडे दवाखान्याची गाडी रिकामी जात नाही.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकून बाकावर बसवलं. घडीघडी एक पोरगी यायची, "आजी, डोळे मिटा," म्हणून पुन्हा थेंब टाकायची. पिशवीतलं पुस्तक उघडलं तर अक्षरं गुळाला लागलेल्या मुंग्यांसारखी पसरलेली. तू पहिलीत असताना तुझ्याच पुस्तकावरून चुलीपुढे मी अक्षरं शिकले. तेव्हापासून हात रिकामा असला की डोळे वाचतात. नुसतं बसायची मला सवय नाही. दुपारी तुला फोन केला, की डॉक्टर आलेच नाहीत, निघतो आम्ही. तू तिकडून दवाखान्यालाच शिव्या देत होतीस.

गाडीत बसल्यावर मी बादलला म्हटलं, सहस्रकुंडला घे. तो म्हणाला, "काकू, उन्हाळ्यात तिथं काय हाय?" मी म्हटलं, गाडीचे पैसे दिलेत ना, मग चल. हदगावहून घरचा रस्ता सोडून आम्ही हिमायतनगरकडे वळलो. चार वाजता पोचलो तर चिटपाखरू नाही. चहाची टपरी ताडपत्रीने बांधून ठेवलेली. मोठमोठे काळे दगड आणि खाली एका डबक्यात हिरवं पाणी. पलीकडचा काठ आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा. जमनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वैनी, एवढ्या दूर दगडं पाह्यले आणलं काय मले? दगडं तं तुह्या बांधावर बी हायेत!" आणि इतकी हसली की मला तिचाही राग आला. आम्ही सावलीत भाकरी खाल्ली. काठावर एक पाटी होती. जमनीला वाचता येत नाही. बाजारात, यष्टीवर, ती मला विचारते, मी वाचून सांगते. तिने विचारलं, "काय लिवलं हाय त्याच्यावर?" मी पाटीसमोर जाऊन उभी राहिले. पांढरा उजेड आणि त्यात काळं काहीतरी, एवढंच. म्हटलं, काही नाही, पुढे जाऊ नका असं लिहिलंय. ती मुकाट्याने मागे सरकली. माझ्यावर विश्वास ठेवून.

निकिता, त्या दिवशी डॉक्टर आले होते. मला तपासलंही. म्हणाले, काचबिंदू आहे, डाव्या डोळ्याचं जेवढं गेलं ते परत येणार नाही, उजवा वाचवायचा तर उद्याच दाखल व्हा. मी म्हटलं, हळद निघाली की बघू. तोंडातून निघालं आणि मी तिथून पळाले. तुझ्याशी खोटं बोलले, जमनीशी खोटं बोलले. रात्री कढईजवळ बसून तुझ्या बाबांना मनातल्या मनात खूप बोलले आणि सगळं मलाच लागू पडत होतं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. ओळी वाकड्या आहेत, उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, डाव्याने अंधुक दिसतं तेवढ्यावर लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद बादलच्या बायकोवर सोपवली, जमनीला घेऊन नांदेडला गेले आणि ऑपरेशन करून घेतलं.

तुझीच,
आई