लाल साखरेतली अंडी

मियाओ सिस्टर,

रात्रभर डोळा लागला नाही. नवऱ्यानं काढ्याचं मडकं डोक्यात घातलं, रक्त थांबत नाही.

तुमचं इन्सुलिन, वैद्यांचा काढा, दोन्ही घेत होते. पण सासू पोटातल्या बाळासाठी म्हणून रोज लाल साखरेतली अंडी खायला लावायची, म्हणून तुमच्या वहीत रक्तातल्या साखरेचे आकडे खोटे लिहिले. रागवू नका. काल मात्र अंडी नको म्हटलं.

"डॉक्टरीण झालीस काय गं? माझ्या नातवाला उपाशी मारतेस?" सासू ओरडली. नवऱ्यानं इन्सुलिनच्या सुया चिरडल्या, सातव्या महिन्याच्या पोटात लाथ घातली. तेव्हापासून बाळ हललेलं नाही.

बाहेरून कडी आहे, फोन त्यांनी घेतलाय. तुमच्यापर्यंत हे पोचायचं नाही, खिडकीतून टाकतेय.

तुमची पेशंट,
छिनलान

मागे नंबर लिहिलाय. ज्याला सापडेल, माझ्या भावाला, देशुनला, फोन करा हो.