उरलेल्या तिघांचं काय करायचं

९ जानेवारी
दादरच्या क्लिनिकमधून फोन. डॉक्टरबाई स्वतः बोलल्या. लेकीच्या, ओवीच्या आयव्हीएफच्या वेळचे आमचे तीन भ्रूण अजून तिथे गोठवलेले आहेत. कायद्याने जितकं ठेवता येतं तितकं ठेवलं, मार्चअखेर मुदत संपते. पुढे दोनच वाटा. नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर संशोधनाला द्यायचे. तिसरी वाट माझ्या वयाने आणि बीपीने केव्हाच बंद केली.
"परळला एक लॅब आहे, सरकारी अनुदानावर चालते. डोळ्यांच्या पेशींवर काम करतात. विचार करा दोघांनी, घाई नाही."
घाई नाही म्हणाल्या आणि मार्च म्हणाल्या.

११ जाने.
महेशला सांगून दोन दिवस झाले, नुसता हं हं. आज भाजी निवडता निवडता आपणहून बोलला, "फेकायला मन होत नाही. द्यायला होतं." नवऱ्याकडून इतकं स्पष्ट उत्तर लग्नानंतर पहिल्यांदाच.
सासूबाई पलीकडून ऐकत होत्या. "मगे ती ओवीची भावंडां मां?"
मग त्याच म्हणाल्या, "देतलास तर चांगल्या हातात द्या."

१७ जाने.
परळला जाऊन आलो. डॉ. गौरी सामंत, तिथल्या शास्त्रज्ञ, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. गोड काही बोलली नाही, ते आवडलं. भ्रूण वाढवत नाहीत, त्यातल्या पेशी काढून वाढवतात, म्हणजे भ्रूण राहत नाही, हे आधीच सांगितलं. त्या पेशींपासून डोळ्याच्या पडद्याच्या पेशी करायच्या. म्हातारपणी नजर जाते त्यांच्यासाठी. "कधी जमेल?" महेशने विचारलं. "माहीत नाही. जमेल की नाही तेही माहीत नाही."
सह्या केल्या. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. हलकं वाटलं.

२५ जाने.
रोझीला सांगितलं. सांगायला हवंच होतं. ती नर्स, तेव्हा लालबागला आमच्याच मजल्यावर राहायची. ड्यूटीवरून आली की आधी आमच्याकडे, मला इंजेक्शन, मग स्वतःचा चहा. एक दिवस चुकवलं नाही. दोनदा फुकट गेलं तेव्हा माझ्याबरोबर रडली. तिसऱ्यांदा ओवी राहिली तर चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली. आता गिरगावात भावाकडे असते.
तिने ऐकून घेतलं. मग, "आधी विचारलं असतंस तर."
"काय म्हणाली असतीस?"
"नको म्हणाले असते. आमच्यात तो जीव आहे गं. पहिल्या दिवसापासून."
"मग नष्ट होऊ देऊ?"
 

६ फेब्रु.
ऑफिसात असताना गौरीचा फोन. कोर्टात याचिका आली होती, भ्रूण वापरून होणाऱ्या संशोधनाला सरकारचा पैसा देऊ नये म्हणून. निकाल लागेपर्यंत स्थगिती. लॅबला नवीन भ्रूण घेता येणार नाहीत.
"मार्चपर्यंत निकाल आला नाही तर?"
"मग क्लिनिकला ठेवता येणार नाही. सॉरी, मॅडम."
कुठे कोणाच्या कोर्टात काय चाललंय आणि त्यात माझे तीन.

७ फेब्रु.
रोझी दारात. बसलीसुद्धा नाही. "त्या याचिकेला पाठिंबा म्हणून आमच्या चर्चमध्ये सह्या घेतल्या. माझी पण आहे. तुला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून आले."
मी म्हटलं, ओवीचा क्लास सुटायची वेळ झाली. गेली.
तिने सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं.

१२ फेब्रु.
तिचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. ओवी विचारते, रोझी आंटी का येत नाही. कामात आहे म्हटलं.

१३ फेब्रु.
ओवीची वेणी घालताना विचार आला. त्या दिवशी चार गोठवले होते. क्लिनिकच्या लॅबमधल्या कोणीतरी चारातला एक उचलला, ती ओवी. दुसरा उचलला असता तर ही आता मार्चची वाट बघत
वेणी सुटली. "आई, लक्ष कुठंय तुझं." परत घातली.
कोणी उचलला ते माहीत नाही. नावही नाही विचारलं कधी. त्या माणसाचं भलं होवो.

१८ फेब्रु.
मीच गेले गिरगावात. रोझी नुकतीच चर्चमधून आलेली, कपाळावर राखेचा क्रॉस. आजपासून त्यांचे उपवास. तिच्यापुरता भात होता तो मला वाढला.
म्हटलं, "तुझ्यामुळे ओवी आहे आणि तुझ्यामुळेच हे अडलंय. दोन्ही कसं धरू?"
"मलाही तेच होतं. सुई मीच टोचत होते ना. तेव्हा चार होतील आणि तीन उरतील हा विचार केला नाही. एक व्हावं एवढंच मागत होते."
"सही मागे घेशील?"
"नाही. पण तुझ्याशी बोलणं सोडणार नाही. तू सोडलंस तरी."
पटलं नाही. तरी येताना बरं वाटत होतं.

९ मार्च
सुनावणी झाली, निकाल राखून ठेवला. म्हणजे कधीही. डॉक्टरबाईंनी फोन करून धीर दिला. एवढ्या वर्षांत त्या माझं नाव विसरल्या नाहीत.

१७ मार्च
निकाल. स्थगिती उठली. कायद्यात बसणाऱ्या संशोधनाला सरकार पैसा देऊ शकतं. पण अट: ज्यांचे भ्रूण त्या दोघांना पुन्हा समोर बसवून विचारायचं, समुपदेशकाने, लॅबच्या माणसाने नाही. आधीच्या सह्या चालणार नाहीत.
महेश वैतागला, "परत पहिल्यापासून?" मला मात्र ती अट वाचून बरं वाटलं. रोझीच्या बाजूचे लोक भांडले म्हणूनच ती अट आली.

१९ मार्च
पाडवा. सकाळी गिरगावात शोभायात्रेमुळे रस्ते बंद, तरी रोझी चालत निघून पुढे बस पकडून आली. श्रीखंड खाल्लं नाही, ईस्टरपर्यंत उपवास. सासूबाईंनी डब्यात भरून दिलं, "ईस्टराक खा." रोझी म्हणाली तोवर टिकायचं नाही. दोघी हसल्या.

२४ मार्च
समुपदेशक बाई वयस्कर. प्रश्न साधे. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या दृष्टीने ते काय आहेत?"
हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. महेश म्हणाला, "ओवीबरोबरचे." आणि रुमालाने डोळे पुसू लागला. मी त्याला एवढ्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मूल म्हणता येत नाही, आणि नुसत्या पेशीही म्हणता येत नाहीत. माझ्याकडे शब्द नाही. बाईंनी तसंच लिहून घेतलं. शब्द सुचवला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मानले.
सह्या केल्या. या वेळी हलकं वाटलं नाही. पण नीट वाटलं.
खाली रोझी ओवीला घेऊन बसली होती. "मी वर येणार नाही" हे आधीच सांगितलं होतं. पण सुट्टी टाकून आली. महेशचे डोळे बघून पाण्याची बाटली पुढे केली.

३० मार्च
आज तिघंही दादरहून परळला गेले. गौरीचा मेसेज, नीट पोचले. लगेच दुसरा: समोरचे वरच्या कोर्टात गेलेत. तिथून स्थगिती आली तर थांबावं लागेल, नाहीतर पुढच्या आठवड्यात काम सुरू.
रोझीला कळवलं. तिला आधीच माहीत होतं.
"मी रोज प्रार्थना करते," म्हणाली.
"तुमच्या बाजूसाठी?"
"नाही. तिघांसाठी."
म्हणजे नक्की काय मागते ते विचारलं नाही. थँक्यू म्हटलं. ती म्हणाली, त्यात काय, आणि ओवीला फोन दे म्हणाली.