शुद्ध केलेला अर्ज

५ जुलै १९८२, सोमवार. सकाळी ७.
आजपासून नवी नोकरी. नोकरी नव्हे, सल्लागारी म्हणावं. सीमाभागातल्या शहापूरच्या आमच्या विणकर संस्थेचे चेअरमन सत्याप्पा काल स्वतः घरी आले. म्हणाले, "अण्णा, संस्थेचं कागद लई अशुद्ध जात्यात. तुमी जरा नजर टाकत जावा." छापखान्यात एकतीस वर्षं प्रूफं तपासली, त्याची किंमत अखेर कुणाला तरी कळली. संकल्प: महिन्याभरात संस्थेचं मराठी सुधारणे. वर्षभरात गावाचं.

दुपारी १२.
पहिला कागद. नोटीस. "सूत आलं आहे. घेऊन जाणे." कुणी? कुठून? कधी? सगळं मोघम. सहा ओळींची केली.

८ जुलै, गुरुवार.
माझी नोटीस बोर्डावर दिसली नाही. बोर्डावर खडूनं "सूत आलंय" एवढंच. क्लार्क देवाप्पाला विचारलं. म्हणाला, अण्णा, तुमची नोटीस मोठी हाय, फाईलला लावली. फाईलला म्हणजे कायमची. बरं झालं.
थोरली बहीण अक्काताई माघापासून माझ्याकडेच राहते. दाढी कर म्हणते. ऑफिसला जाणाऱ्यानं करायला हवी, हे खरं. उद्या.

१७ जुलै, शनिवार.
चार दिवस झड. खासबागेच्या विणकर वस्तीत मागांच्या खड्ड्यांत पाणी शिरलं. संस्थेच्या अकरा बायकांचे माग बुडाले. त्यातली गंगव्वा आमच्या कमिटीवर आहे. तिच्या मागावर निम्मं विणलेलं लुगडं होतं. गेलं. सरकारी कचेरीत मदतीचा अर्ज द्यायचाय, मुदत ३१ तारीख. देवाप्पानं लिहिलेला अर्ज माझ्याकडे आलाय. तीन दिवसांत देतो म्हणून सांगितलं. अकरा घरांचं पोट आता माझ्या पेनावर आहे. झोपेवर परिणाम नाही.

२१ जुलै, बुधवार.
देवाप्पाचं पहिलं वाक्य: "आमचे माग पाण्यात गेले." फार उघडं वाटतं. नवं केलं: "अतिवृष्टीजन्य जलसंचयामुळे आमच्या उदरनिर्वाहाच्या साधनांची अपरिमित हानी झाली असून". "असून"नंतर काय, ते ठरायचंय.

२६ जुलै, सोमवार.
"असून"वर अडलंय.
अक्काताईनं ट्रंक उघडली. म्हणाली, "नागोजी, ही लुगडी कुणाला द्यायची ते सांग की रं. कसर लागाय लागली." अर्ज झाल्यावर बघू म्हटलं. तिनं ट्रंक लावली. हेच तिनं चैत्रातही विचारलं होतं. तेव्हा अर्ज नव्हता. तेव्हा काय सांगितलं ते आठवत नाही.

२ ऑगस्ट, सोमवार.
मुदत परवा संपली. अर्ज झालेला नाही. मात्र पहिला परिच्छेद निर्दोष आहे. मजकूर चांगला असेल तर कचेरी दोन-चार दिवस थांबते, असा माझा अंदाज. संस्थेत गेलो नाही. खासबागेच्या रस्त्यानंही गेलो नाही. पाय दुखतो.

९ ऑगस्ट, सोमवार. सायंकाळी ५.
सत्याप्पा रस्त्यात भेटले. टाळता आलं नाही. म्हणाले, "अण्णा, बायकांची मदत मंजूर झाली." मी म्हटलं, अर्ज माझ्या घरी आहे. ते म्हणाले, "त्ये, देवाप्पानं कानडीत एक अर्ज टाकलाता. एकुणीस तारखंलाच. कचेरीत कानडीच लागतं न्हवं."
विचार केला. एकोणीसला माझा मजकूर सुरूही झाला नव्हता. तरी संस्थेत शुद्धतेचं वातावरण तयार झालेलं होतं. कानडीवर त्याचा परिणाम झालाच असणार.
संकल्प: आता सुट्या कागदांवर शक्ती घालवायची नाही. मुळाशी जायचं. कमिटीचं प्रोसिडिंग बुक तपासायचं.

१३ ऑगस्ट, शुक्रवार.
देवाप्पा तापानं घरी. ऑफिसात गंगव्वा एकटीच, सूत न्यायला आलेली. प्रोसिडिंग बुक मागितलं. तिनं कपाटातून काढून पदरानं पुसलं. "न्या की अण्णा. मला कुटं वाचाया येतंय. अंगठा तेवढा माजा." जेवलासा काय, असंही विचारलं. काय उत्तर दिलं ते लक्षात नाही.

१४ ऑगस्ट, शनिवार.
३ जुलैची सभा. ठराव सातवा. जसाच्या तसा उतरवतो:
"नागोजीराव यांची मंडळी वारल्यापासुन ते कोणाशी बोलत नाहीत. दीवसभर उंबऱ्यात बसून असतात. सबब त्यांना संस्थेचे कागद तपासायला द्यावेत. मूळ कागद देऊ नयेत, नक्कल द्यावी. सूचक गंगव्वा. अनुमोदक देवाप्पा. सर्वानुमते मंजूर."
खाली अंगठा. शाई पसरलेली.
दोनदा वाचलं. मग काम केलं. "वारल्यापासुन"चा सु दीर्घ केला. "दीवसभर"चा दी ऱ्हस्व केला. "मंडळी" मोघम वाटलं, नाव हवं. खोडून वर "पत्नी सोनाबाई" लिहिलं. हे नाव माघानंतर पहिल्यांदाच लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.
"कोणाशी बोलत नाहीत" यात चूक सापडली नाही.

१६ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.
बुक परत केलं. देवाप्पा कामावर आला होता. माझ्या हातात ते बघून खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला. म्हणाला, "अण्णा, लई चुका हुत्या काय?" ऱ्हस्वदीर्घाच्या दोन, म्हटलं. त्यानं चहा सांगितला. आम्ही प्यायलो.
निघताना त्यानं ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढं धरला. गणपतीच्या सुट्टीची नोटीस, दोन ओळी. हात जरा वेळ तसाच धरून होता.
मी घेतला. परवापर्यंत वेळ लागेल म्हटलं.
घाई न्हाय, म्हणाला.