माहेरच्या तुपाचा झाळलेला डबा

बाबा,

काल दुपारी आमच्या मोहालीच्या घरी स्निग्धपदार्थांची तौलनिक परीक्षा यथाविधि संपन्न झाली. परीक्षक एकमेव, अर्थात अस्मादिक. परीक्षार्थी पाच वाट्या. पहिलीत दुकानातले पिवळे खारे बटर. दुसरीत तुमच्या नातीने आणलेले परदेशी, विरजलेल्या सायीचे, ज्याच्या वेष्टनावरची गाय आपल्याकडच्या कोणत्याही गृहस्थापेक्षा समाधानी दिसते. तिसरीत मुल्लानपूरच्या एका उरल्यासुरल्या गोठ्यातले पांढरे लोणी. चौथीत घरी कढवलेले तूप. आणि पाचवीत, जिभेचा गर्व उतरावा म्हणून, वनस्पती तूप. सोबत बिनमिठाचा गरम भात, कारण मीठ हे खोटी साक्ष देते हा तुमचा सिद्धांत. मी डोळे मिटून पहिला घास घेतला, प्रास्ताविकासाठी घसा साफ केला, तोच तुमची नात म्हणाली, "पापा, भाषण बाद में. पहले वो स्टेशनवाला किस्सा सुनाओ ना, दादाजीने डब्बा तोड़ के घी खा लिया था, वो." तिची मैत्रीण जेवायला आली होती. मी किस्सा सांगितला. दोघी हसून हसून टेबलावर पडल्या. हा किस्सा मी आजवर असंख्य वेळा सांगितला आहे आणि तो कधीही पडलेला नाही. तो खोटा आहे हे ठाऊक असलेली माणसे दोनच होती, आणि त्यांपैकी आता मी एकटा उरलो आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

लोकांचे वडील कार्यालयात जाऊन सह्या करत. माझे वडील सरकारी प्रयोगशाळेत जाऊन तूप हुंगत. महाविद्यालयात मित्रांना हे सांगताना मी 'रसायनशास्त्रज्ञ' हा शब्द वापरी, तो असत्य नव्हता. पण तुमची खरी विद्या नाकात होती. नमुना कोमट करायचा, बोटाच्या पेरावर घ्यायचा, जिभेवर ठेवून तोंड मिटायचे आणि श्वास नाकाने सावकाश सोडायचा. मग ते जनावर काय चरले होते इथपर्यंत तुम्ही पोचत असा. हिवाळ्यात बरसीम चरलेल्या म्हशीच्या लोण्याला ओल्या गवताचा वास असतो, मोहरीची पेंड खाल्लेलीच्या तुपाला शेवटी किंचित तिखट टोक येते, हे मला तुमच्यामुळे कळले. एकदा मी खारे बटर पावाला लावून "काय चव आहे!" असे उद्गारलो, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणालात, "ती चव नव्हे, मीठ आहे. मोठ्याने बोलणाऱ्याला विद्वान समजू नकोस." त्या वयात मी स्वतः बराच मोठ्याने बोलत असे. वाक्य बटराविषयीच होते असे मी ठरवून टाकले.

आई मात्र या प्रांतात शास्त्र मानत नसे. ती वर्ध्याकडची. तिच्या मते जगात दोनच स्निग्धपदार्थ, जवसाचे तेल आणि तिच्या माहेरच्या गायींचे तूप. बाकी सर्व वंगण. चंदीगडला बदली झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मोहरीचे तेल धुरावू न देता त्यात वरणाची फोडणी केली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बीजी, आपल्या घरमालकीण, डोळ्यांना ओढणी लावून वर धावत आल्या होत्या. "हाय रब्बा, भैणजी, पहले धुआँ तो निकलने दो!" तिथून मैत्री जडली, आणि मैत्रीच्या पोटी स्पर्धा. बीजींचे म्हशीचे लोणी तुम्ही एकदा मिटक्या मारत खाल्लेत आणि म्हणालात, "अप्रतिम." आईने त्याच दिवशी मामाला पत्र लिहिले.

मामाने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे व्यवस्था केली. पाच किलोंचा पत्र्याचा डबा काठोकाठ भरला, झाकण कथलाने झाळून टाकले, वरून गोणपाट शिवले, सुतळीने आवळले आणि सुट्टी संपवून चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत परतणाऱ्या ओळखीच्या हवालदाराबरोबर रवाना केला. वर्ध्यात अशा डब्याकडे पाहून कुणालाही वरणभात आठवेल. पण चंदीगडच्या स्टेशनावर दहशतवादाच्या त्या वर्षांत वाळूच्या पोत्यांमागे बंदुका होत्या आणि प्रत्येक खांबावर बेवारस वस्तूंविषयी सूचना होती. ट्रांझिस्टर, खेळणे, जेवणाचा डबा, सारेच संशयित. तिथे सांधे बुजवलेला, गोणपाटात शिवलेला जड डबा म्हणजे काय, हे मामाच्या स्वप्नातही आले नसावे. आपल्याही आले नाही.

हवालदाराने डबा फलाटावर उतरवला, तुम्हाला नमस्कार केला आणि लष्करी गाडी पकडायला पळाला. तुम्ही मला म्हणालात, "मी रिक्षा बघतो. इथून हलू नकोस." मी अठरा वर्षांचा होतो, विद्वान होतो, आणि वीस पावलांवर मासिकांचे दुकान होते. तेथील सचित्र वाङ्मयाचे परिशीलन करण्यात किती वेळ गेला, सांगता येत नाही. शिट्टीने मान वर केली तेव्हा फलाट रिकामा होत होता आणि डबा मध्यभागी एकटा बसला होता.

"ओए, पिच्छे हटो! सारे पिच्छे!" ठाणेदार ओरडतो आहे. "ए डब्बा किसदा ए?" मी गर्दीत आहे, एका सामानाच्या हातगाडीला टेकून, डब्यापासून फार तर पंधरा पावलांवर. उत्तर मला ठाऊक आहे. ते दोन शब्दांचे आहे. घशात संस्कृत, मराठी, हिंदी, काहीही उरलेले नाही. मग पलीकडून तुम्ही येता, एक हात वर करून, वर्गात प्रश्नाचे उत्तर येणाऱ्या मुलासारखे.

"मेरा है जी."

"छड्ड के क्यों गए सी?"

"गलती हो गई. ऑटो देखने गया था." मुलाला बसवून गेलो होतो, हे तुम्ही म्हणाला नाहीत.

"खोलो फिर. आप ही खोलो." आणि पोलीस मागे सरकतात, पोत्यांपर्यंत. तुम्ही गुडघे टेकता, खिशातला चाकू काढता, सुतळी कापता. मला तेव्हा कळते की डबा नजरेआड किती वेळ होता हे तुम्हाला माहीत नाही. कुणी हात लावला, कुणी बदलला, काहीच माहीत नाही. ते फक्त मला माहीत असायला हवे होते, आणि मी तर चित्रे पाहत होतो. तुम्ही चाकूचे टोक कथलात घालता. तुमचा चष्मा घसरतो, तो तुम्ही मनगटाने वर ढकलता. झाकण करकरते.

मग तूप. इतके रवाळ की उन्हात कण चमकतात.

"खा के दिखाओ," ठाणेदार लांबूनच म्हणाला. तुम्ही बोटाच्या पेरावर घेतलेत, तोंड मिटलेत, डोळे मिटलेत, नाकाने सावकाश श्वास सोडलात. अख्खा फलाट थांबला. आणि मग तुम्ही, सवयीने, निकाल दिलात. "गाय का है. सरकी खिलाई है. दाना अच्छा पड़ा है, पर कढ़ाते वक़्त आँच थोड़ी ज़्यादा लग गई."

"बाऊजी, तुसीं करदे की हो?"

"सरकार के लिए घी सूँघता हूँ जी."

"सुंघण दी तनखा मिलदी ए?" फलाट हसला. ठाणेदारानेही बोट बुडवले, जीभ टाळूला लावली. "चंगा ए. पर साडी माँ दा मक्खन खाओगे ना, ए सब भुल्ल जाओगे."

"मक्खन और घी की तुलना नहीं होती, साहब," तुम्ही चष्मा पुसत म्हणालात. "माताजी का घी खिलाइए, फिर बताऊँगा."

त्याचे हसू जरा ओसरले. चार महिने गावी गेलो नाही, वर्दीवाल्याने रस्त्याने गावी जाणे आता सोपे नाही, असे तो हलक्या आवाजात काहीसे म्हणाला. तुम्ही त्याच्या जेवणाच्या डब्याचे रिकामे झाकण मागून घेतलेत आणि त्यात चांगला मोठा गोळा काढून दिलात.

मी वळसा घालून, दुसऱ्या बाजूने, आताच आल्यासारखा आलो. "पाणी प्यायला गेलो होतो," म्हणालो.

"बरं. डबा धर," तुम्ही म्हणालात.

घरी आईने उचकटलेले झाकण पाहिले, मग आतला खळगा. "हे कोणी केलं?" मी खाली पाहिले. "मला स्टेशनावरच धीर निघाला नाही," तुम्ही म्हणालात. स्टेशनाचे खरे सांगितले असते तर तिने त्याच आठवड्यात ट्रंका भरल्या असत्या. ती आधीच परत जाऊ या म्हणत होती. पण मला वाचवण्यासाठीही ते होते, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणून होतो. "या वयात हावरटपणा! स्टेशनावर! माणसांसमोर!" तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलेत. संध्याकाळी बीजी आपली वाटी घेऊन वर आल्या आणि तुम्ही दोन्ही तुपे चाखून असे जाहीर केलेत की वरणावर एक आणि सरसोंच्या सागावर दुसरे निर्विवाद श्रेष्ठ आहे. दोघी तुमच्यावर सारख्याच नाराज झाल्या आणि तुपाची अदलाबदल करून मोकळ्या झाल्या. बीजी वारेपर्यंत ती अदलाबदल कधी थांबली नाही.

तुम्ही मला त्यावर एक शब्दही बोलला नाहीत. ना त्या दिवशी, ना नंतर. चव ओळखायला तुम्ही शिकवलेत, त्याचे ऋण मी उठता-बसता मिरवतो, पाच वाट्या मांडून, पाहुण्यांना छळून. या दुसऱ्या गोष्टीबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची तर आधी ती सांगावी लागते, आणि मी तिचा विनोद करून टाकला. आईकडून ऐकलेला हावरट बाबांचा किस्सा, तपशील माझे. तिच्या तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांतसुद्धा मी तो सांगितला. तुम्ही कोपऱ्यात बसून सगळ्यांबरोबर हसलात.

हे पत्र धाडण्याचा प्रश्न नाही. मुलीच्या हाती देण्याचा आहे. काल मैत्रीण गेल्यावर ती वाट्या धुवत होती, तेव्हा मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा वनस्पती तुपाविषयी बोललो. डबा सोडून गेलो होतो, हे तिला सांगता येईल. गर्दीत गप्प उभा होतो, हेही कदाचित सांगेन. पण तुम्ही हात वर करून पुढे झालात त्या क्षणी मला भीती वाटली नव्हती, बाबा. भीती नंतर आली, चाकू पाहिल्यावर. आधी मला हायसे वाटले.