धाब्यावरच्या मातीची वाटणी

मी, सूरजबाई प्रकाशचंद बेदमुथा, वय शहात्तर, राहणार धरणगाव, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घराच्या छताबद्दल तसा दाखला द्यायला कोणी तयार झाले नाही. लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. डोक्यावर जे आहे ते मातीचे आहे.

कलम १. मला दोन मुलगे. थोरला धनराज, गावातले कापडाचे दुकान चालवतो आणि माझ्याजवळ याच घरात राहतो. धाकटा संयम पुण्यात असतो आणि फोनवर राहतो. धनराजची मुलगी विधी शिरपूरला फार्मसी शिकते. सुटीत आली की मधल्या खोलीत माझ्या शेजारी झोपते. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण हे सगळे लिहिणे त्यासाठी आहे.

कलम २. घर माझ्या नावावर आहे. ते धाब्याचे आहे, म्हणजे सागाचे सरे (जाड तुळया), त्यावर लाकडी कड्या, त्यावर माती. आमच्या खान्देशात पावसाआधी धाब्यावर पांढरी खारी माती पसरतात, म्हणजे पाणी आत मुरत नाही. चाल चांगली आहे. पण आधी जुनी माती खरवडून काढायची असते, हे माझ्या यजमानांनी कधी मानले नाही. "घरात आलेली वस्तू बाहेर टाकू नये," असे ते म्हणत आणि दर वैशाखात नवा थर चढवत. मी लग्न होऊन आले तेव्हा धाब्याचा कठडा माझ्या कमरेला लागायचा. आता घोट्याला लागतो. माझी उंची वाढलेली नाही.

छत कधी बदलायचे हे ज्यांना दुकान आणि फोन सांभाळून कळत नाही, त्यांच्यासाठी लिहिते. वैशाखात माझे पापड एका दुपारी कडकडीत वाळतात, आणि मधल्या भिंतीवरचा गेल्या भादव्यातला डाग अजून ओला आहे. मधल्या खोलीचे दार लागत नाही, कारण वरचा सरा चौकटीवर बसला आहे. त्या सऱ्यावर काठी मारली तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. सकाळी गादीवर पिवळा भुसा पडलेला असतो. धनराज म्हणाला, "बाई, धण्याची पूड असेल." (मुले मला बाई म्हणतात.) मी शहात्तर वर्षांत कधी गादीवर धणे कुटलेले नाहीत.

कलम ३. त्या सऱ्यात वाळवी आहे. औषध मारायचा विषय काढला की धनराजला धर्म आठवतो. "जीवहिंसा होईल, बाई." हा माणूस पर्युषणातही गिऱ्हाइकाला हातभर कापड कमी मोजतो. जीव मारू नये हे मलाही मान्य आहे. पण वाळवीला घर लिहून द्यावे असे आमच्या कोणत्याही महाराजांनी प्रवचनात सांगितलेले मी ऐकले नाही. म्हणून इथे स्पष्ट लिहिते की वाळवी माझी वारस नाही.

कलम ४. जुने छत उतरवून स्लॅब टाकायला मी हनीफ मिस्त्रीला दोनदा बोलावले. माझी ठेव त्या कामाला पुरत नाही, म्हणून मुलांना विचारणे भाग होते. धनराज म्हणाला, "घर उद्या निम्मे संयमचे होणार, मी एकटा का घालू?" संयम फोनवर म्हणाला, "माझा हिस्सा कोणता ते ठरल्याशिवाय कशाला हात लावू नका." दोन्ही वेळा हनीफ ओट्यावरून परत गेला. दुसऱ्यांदा जाताना म्हणाला, "अक्का, माती मी उतरवतो, पण तुमच्या पोरांचं काय करू?" मी त्याला चहा दिला.

मुलांनी काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. संयमने पुण्याहून छत थंड ठेवणाऱ्या रंगाचे व्हिडिओ पाठवले. धनराजने वास्तूवाला आणला. तो खोलीभर फिरून म्हणाला, "ईशान्य कोपरा जड झालाय." बाकीचे तीन त्याला दिसले नाहीत. मग धनराजने वाकलेल्या सऱ्याखाली पीओपीचे छत बसवले, त्यात गुलाबी दिवे लावले, आणि आता वरचे काही दिसत नाही म्हणून सगळे निर्धास्त झाले.

धाबे उन्हाळ्यात थंड असते आणि स्लॅब म्हणजे तवा, असे दोघेही सांगतात. खरे आहे. माणूसही मेल्यावर थंडच होतो.

कलम ५. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, विधी घरी आली होती. दुपारी जेवून झोपली आणि पाणी प्यायला उठली, तोच पीओपी फोडून ओंजळभर नव्हे, पाटीभर माती तिच्या उशीवर आली. धनराज धावत आला. त्याने आधी पीओपीकडे पाहिले, मग पोरीकडे. "आत्ताच तर केलं होतं," म्हणाला. मी ते पाहिले आहे आणि मला ते विसरता येत नाही. पोर हातात तांब्या घेऊन उशीकडे पाहत उभी होती. मी तिला जवळ घेतले आणि त्याच दिवशी वकिलाला निरोप धाडला.

कलम ६. माझ्या बांगड्या, गळ्यातली साखळी आणि बँकेतली ठेव विधीची. यजमानांचा पितळी तराजू आणि कापड मोजायचा लोखंडी गज धनराजला. गज पूर्ण लांबीचा आहे, त्याची सवय करून घ्यावी. संयमला माझा मोबाइल. त्याने पाठवलेले सगळे व्हिडिओ त्यात सुखरूप आहेत. माझी खाट शेजारच्या बेबाबाईला द्यायची होती, पण साक्षीदाराच्या नावे काही लिहिता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून ती आजच उचलून दिली आहे. धाब्यावरची माती ही वडिलोपार्जित मिळकत असल्याने दोन्ही मुलांत समान वाटावी आणि ज्याची त्याने स्वतः पाट्या भरून उतरवावी.

कलम ७. राहिले घर. हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर उघडू नये. येत्या रविवारी सकाळी, दोन्ही मुलांना समोर बसवून, मधल्या खोलीत, त्याच सऱ्याखाली वकिलांनी ते मोठ्याने वाचावे. वकिलांना दारातून वाचायची मुभा आहे. विधीने आत पाऊल टाकायचे नाही.

जो मुलगा शेवटच्या ओळीपर्यंत खाली बसून राहील, त्याच्या मते छत चांगले आहे. सगळे घर त्याचे. जो उठून ओट्यावर जाईल, त्याने छत धोक्याचे असल्याचे कबूल केले असे समजावे. एकच उठला तर त्याला घर नाही, खर्चही नाही. दोघेही उठले तर दोघांनी सोमवारी निम्मा निम्मा खर्च हनीफच्या हातात ठेवावा आणि छत झाले की घर दोघांच्या नावे निम्मे निम्मे व्हावे. दोघेही बसून राहिले तर काय, असे वकिलांनी विचारले. मी त्यांना वाढवले आहे, तशी वेळ येणार नाही.

मी स्वतः आतच बसणार आहे. मी रोज तिथेच झोपते, आणि तिथे झोपणाऱ्या म्हातारीसाठी या दोघांपैकी कोणी अजून एकदाही उठलेला नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, म्हणून सही करते.

सही: सूरजबाई प्रकाशचंद बेदमुथा

साक्षीदार:
१. हनीफ मिस्त्री, धरणगाव
२. बेबाबाई, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा

स्थळ: धरणगाव, घराबाहेरचा ओटा. सह्या आत व्हायच्या होत्या, परंतु हनीफ मिस्त्रींनी एकदा वर पाहिले आणि चपला काढल्याच नाहीत, आणि बेबाबाई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "अक्का, मी काय घरमा येत नही. वर बठ्ठी माटी लटकेल शे." सबब सर्व सह्या उन्हात उभ्याने झाल्या.

दिनांक: १४ मे २०२५